चारशे दोनचं पाणी

खैरनारांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळायला लागलं तेव्हा माझे केस काळे होते. आता बघा. सगळे पांढरे झाले, आणि त्यातले अर्धे तरी त्या माणसामुळे.

नाशिकमधली आमची निर्झर सोसायटी. आम्ही तीनशे दोनमध्ये. आमच्या बरोब्बर डोक्यावर, चारशे दोनमध्ये, सोसायटीचे चेअरमन मिलिंद खैरनार. आमच्या बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये आधी छताचे पोपडे निघाले, मग डाग पडला, मग थेंब यायला लागले. मी पहिल्यांदा वर गेले ती अगदी गोड बोलत गेले. खैरनार म्हणाला, "वहिनी, आमची बाथरूम बघा, कशी ठणठणीत कोरडी आहे. तुमच्याच भिंतीतला पाइप फुटला असेल." पुढच्या वेळी म्हणाला, गच्चीतून झिरपत असेल. त्याच्या पुढच्या वेळी काय म्हणावं? "तुम्ही फोडण्या फार देता, वाफ छताला जाऊन साठते." फोडण्या! म्हणजे माझ्या आमटीमुळे माझं छत गळत होतं.

आमचे हे, म्हणजे हेमंत शिरोडे, रोज सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, फिरायला जाणारा माणूस. एका सकाळी त्याच पॅसेजमधल्या पाण्याच्या थारोळ्यात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. स्क्रू घातले, पण हाड काही सांधलं नाही. डॉक्टर म्हणाले, सांधाच बदलावा लागेल, तोपर्यंत पलंग आणि वॉकर. गंगेवर जाणारा माणूस पलंगावरून खिडकीपर्यंत जायला माझा खांदा मागायला लागला.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून हे सगळं सांगितलं. खैरनार खुर्चीवर मागे रेलून म्हणाला, "वय झालं की पाय घसरतोच, वहिनी. त्याला सोसायटी काय करणार?" चार लोक हसले. कोण कोण हसलं ते मी नीट बघून ठेवलं.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "या माणसाला पाण्यासाठी रडवलं नाही तर नावाची चारुशीला नाही."

हे म्हणाले, "चारू, चहा टाक."

त्यानंतर ओळखकण आले. आता सगळीकडे आहेत, त्यामुळे त्यांचं कुणाला काही वाटत नाही, पण तेव्हा नवी गोष्ट होती. बिल्डिंगमध्ये बाहेरची पाइपलाइन सोसायटीची आणि आतली ज्याची त्याची, हा नियम जुनाच. पण भिंतीतून आलेलं पाणी कुणाच्या पाइपमधून आलं, हेच कधी ठरत नसे. वरचा खालच्याकडे बोट दाखवणार, खालचा वरच्याकडे, आणि विमा कंपनी दोघांकडे. शेवटी कंपन्या वैतागल्या. ओळखकण बसवा, नाहीतर बिल्डिंगचा विमा विसरा, असं त्यांनी सांगून टाकलं. विमा नाही म्हणजे बँकेचं कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे फ्लॅट विकत घेणार कोण?

खैरनारने स्वतः उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. मोठा विद्वान! पण सांगितलं चांगलं, हे मान्य करते. सिलिका, म्हणजे आपली वाळू असते त्याच जातीची वस्तू. तिच्या पिठाहून कितीतरी बारीक कुप्या करायच्या आणि प्रत्येक कुपीत प्रयोगशाळेत जुळवलेला डीएनएचा तुकडा भरायचा. हा तुकडा कुठल्या प्राण्याचा नसतो, झाडाचा नसतो. डीएनएची चार अक्षरं वेगवेगळ्या क्रमाने लावून केलेलं एक नाव, एवढंच. प्रत्येक फ्लॅटला वेगळं नाव. फ्लॅटच्या मीटरपाशी एक डबी बसते आणि आत येणाऱ्या पाण्यात ती त्या नावाचे कण सोडत राहते. चव नाही, वास नाही, पोटात गेले तरी अपाय नाही. पाणी वाळून गेलं तरी कण भिंतीत बसून राहतात. ओल आली की त्यावर कापसाचा बोळा फिरवायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र कुप्या फोडतं, आतल्या तुकड्यांच्या प्रती काढतं आणि वाचतं. ज्या फ्लॅटचे कण जास्त, त्याचं पाणी. विषय संपला.

नुकसानभरपाई त्याच फ्लॅटच्या विम्यातून. त्या ओलीमुळे कुणाला इजा झाली असेल, मग ती आधीची का असेना, तर दवाखान्याचा खर्चही त्याच्याच विम्यातून. आणि गळती सापडून बुजवली जाईपर्यंत त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह कंपनी आपल्या ऑफिसातूनच आवळणार. नळाला करंगळीएवढी धार, बस्स.

"ठरावाच्या बाजूने कोण?" खैरनारने विचारलं. सगळ्यात आधी माझा हात वर गेला. दोन्ही हात वर केले असते.

काही महिन्यांनी कंपनीची तपासणी ठरली. आता मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. घरी परकी माणसं येणार, आणि मान वर करकरून आमचं छत बघणार! काळी बुरशी, लोंबणारे पोपडे. काय म्हणतील लोक, या बाईला घर ठेवता येत नाही? आदल्या दिवशी मी पदर खोचला, स्टुलावर चढले, ओल्या फडक्याने सगळी बुरशी पुसून काढली, बादलीत चुना कालवला आणि छताला दोन हात दिले. पोहे भिजवायला काढून ठेवले. विमेवाले झाले म्हणून काय, घरी आलेलं माणूस ते.

लभडे नावाची चुणचुणीत मुलगी आली. तिने पोहे खाल्ले, घर छान ठेवलंय म्हणाली, छताला बोळा लावला. यंत्र जरा वेळ गुरगुरलं. मग ती माझ्याकडे बघेना.

"काकू, तीनशे दोन."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचंच पाणी."

दारात खैरनार उभा होता. चेअरमन म्हणून तपासणीबरोबर घरोघर फिरत होता. नुसता हसला. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आपल्याच घरातली ओल म्हणून आमचा व्हॉल्व्ह काही आवळला नाही. पण आमचंच पाणी म्हटल्यावर भरपाई कुणाची? कुणाचीच नाही. ह्यांचं ऑपरेशन तिथेच अडकलं. आमची सगळी पुंजी पहिल्या ऑपरेशनमध्ये गेली होती. हे पलंगावरून म्हणाले, "जाऊ दे गं. वॉकर आहे की." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

संध्याकाळी कणीक भिजवायला परात नळाखाली धरली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुना! चुना मी कशात कालवला होता? फडकं कशात भिजवलं होतं? ह्याच नळाच्या पाण्यात! छताला मी माझंच नाव फासून ठेवलं होतं, तेही दोन हात.

कंपनीला फोन केला. लभडे म्हणाली, "काकू, आता सांगून काय उपयोग? पुढच्या तपासणीत बघू." ह्यांना सांगितलं तर ह्यांना हसू आवरेना. हसता हसता खुबा दुखला, तरी हसत होते. मला जरासुद्धा हसू आलं नाही. मी विचार करत होते. यंत्राला पाणी ओळखता येतं, पण ते तिथे कुणी नेऊन लावलं हे काही त्याला कळत नाही.

खैरनारला गुलाबाची हौस. रोज सकाळी पाइप घेऊन बाल्कनीतल्या कुंड्यांना असं पाणी घालायचा की सगळं खाली माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. यावरून मी वर्षानुवर्षं भांडलेय. "झाडांना पाणी घालायचंही नाही का आम्ही?" हे त्याचं उत्तर. आता मी दोरीवरचे कपडे काढले आणि खाली टब ठेवला, परात ठेवली, घमेलं ठेवलं. घाल बाबा, म्हटलं, घाल. आज दोन गुलाबांना जास्त घाल.

ते मातकट पाणी मी फडक्याने गाळून डब्यात भरलं. आधी पॅसेजमधला सगळा चुना खरवडून काढला आणि छताला स्पंजने खैरनारचं पाणी लावलं. यात मी काय खोटं केलं? गळत त्याचंच होतं. माझ्या वेडेपणाने पुसलेलं त्याचं नाव मी परत लिहिलं, एवढंच.

पण माझं मन तेवढ्यावर भरेना. तेवढ्याने काय होणार होतं? एक गळती निघाली असती, त्याने बाथरूमची फरशी बदलली असती, आणि परत खुर्चीवर रेलून हसला असता. सोसायटीत ओल कुठे नव्हती? जिन्याची भिंत, पार्किंगचा खांब, लिफ्टच्या खड्ड्याची कड. मी भाजी आणायला खाली जायचे. पिशवीत डबा असायचा, डब्यात स्पंज. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. जिन्याची भिंत पुसणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कोण काय विचारणार? उलट एकजण म्हणाले, "चारूताई, किती करता हो सोसायटीसाठी!"

पुढच्या तपासणीला मी पोहे केले नाहीत. लभडेने पॅसेजला बोळा लावला. चारशे दोन. जिन्याची भिंत, चारशे दोन. खांब, चारशे दोन. लिफ्टचा खड्डा, चारशे दोन. प्रत्येक वेळी आकडा ऐकताना खैरनारच्या चेहऱ्याचा एकेक थर उतरत होता. शेवटी तो ओरडला, "अहो, लिफ्ट कुठे आणि आमचा फ्लॅट कुठे! यंत्र बिघडलंय तुमचं!"

मी म्हटलं, "वाफ असेल, भाऊजी. फोडण्या जरा कमी द्या."

हसले लोक. तेच लोक हसले. काय सांगू तुम्हाला, किती बरं वाटलं मला! त्या दिवशी मी सण नसताना पुरण घातलं.

त्याचा व्हॉल्व्ह आवळला गेला. चेअरमनपद गेलं. त्याच्या विम्यातून ह्यांचं ऑपरेशन मंजूर झालं. लभडे एवढंच म्हणाली की बिल्डिंगची फाइल बंद होईपर्यंत अजून एक तपासणी होईल, तेव्हा तुमच्या घरात तुमच्या नावाची ओल निघता कामा नये, नाहीतर दिलेलं सगळं कंपनी परत मागेल. मी म्हटलं, निघतेय कशाला.

वरच्या घरात फोडाफोड सुरू झाली. बाथरूमची गळती पहिल्याच आठवड्यात सापडली. सापडणारच, होतीच ती. पण कंपनी म्हणे, उरलेल्या तीन ठिकाणी पाणी कुठून गेलं ते दाखवा, मग व्हॉल्व्ह उघडतो. आता नसलेली गळती दाखवणार कुठून? प्लंबर आले, दुसरे प्लंबर आले. त्यांनी बाथरूम उखडली, मोरी उखडली, स्वयंपाकघराची फरशी उखडली. मी खाली बसून हातोड्याचे घाव ऐकायचे आणि भाजी निवडायचे. माझ्यासाठी ते सनईचे सूर होते, खोटं कशाला बोलू?

हे ऑपरेशन करून घरी आले, त्याच सुमारास एका सकाळी बेल वाजली. दारात खैरनारची बायको, नंदिनी. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.

"वहिनी, पाणी देता का थोडं? आक्कांचं अंथरूण खराब झालंय. धार इतकी बारीक आहे की प्यायला आणि स्वयंपाकाला कसंबसं पुरतं. त्यांना पुसायचं कशाने?"

आक्का म्हणजे खैरनारची आई. नव्वदी ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली. तिचं माझं कधी वाकडं नव्हतं. नंदिनीचंही नाही.

मी सांगते, माझा हात बादलीकडे गेला होता. पण वर सगळी फरशी उखडलेली. तिथे सांडलेला प्रत्येक थेंब सरळ माझ्या छतात उतरणार. आणि पाणी माझ्या नळाचं, म्हणजे माझ्या नावाचं. शेवटची तपासणी अजून व्हायची होती. ह्यांच्या पायावरचे टाके अजून ओले होते.

"नंदिनी, नाही देता येणार गं," मी म्हटलं. "तुला माहितीये ना, नाव कुणाचं येईल."

ती रडली नाही, भांडली नाही. "बरोबर आहे," म्हणाली. मग मी दाराआडून ऐकत राहिले. समोरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरची वाजली. त्याच्या खालची वाजली. सगळीकडे तेच उत्तर. तांब्याभर पाण्याला नाही म्हणणारी आमची सोसायटी कधीच नव्हती. पण आता ज्याच्या त्याच्या पाण्यात ज्याचं त्याचं नाव होतं. ती रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या दारावरून परत वर गेली.

"चारू, इकडे ये," हे आतून म्हणाले. "पॅसेजचं मला माहीत होतं. मी बघितलं होतं तुला. बाकी तीन ठिकाणीही तूच?"

"मीच. मग?"

"कंपनीला सांग."

"त्याने सांगितलं? इतकी वर्षं त्याला माहीत नव्हतं? तुम्ही पडलात तेव्हा सभेत दात काढत होता तो! आधी तो कबूल करू दे."

"आक्कांनी काय केलंय?"

मी कुकर लावायला निघून गेले. हे त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. औषध दिलं की घ्यायचे, ताट वाढलं की जेवायचे. खैरनारने माझ्या नवऱ्याचा पाय नेला होता, तो मी परत मिळवला, आणि नवरा गप्प! मला इतका राग आला की मी भांडी आपटून आपटून घासली. वरून आता हातोड्याचाही आवाज येत नव्हता. कधीमधी आक्कांचं कण्हणं तेवढं ऐकू यायचं.

हे हळूहळू चालायला लागले. आधी खोलीत, मग पॅसेजमध्ये. एका सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा भरलेला कॅन घेऊन हे दारात चपला घालत होते.

"कुठे निघालात?"

"वर. आक्कांना." कितीतरी दिवसांनी ऐकलेला आवाज तो. "डॉक्टरांनी जिना चढायची सवय करायला सांगितलंय."

"अहो, वेड लागलंय का? ते पाणी गळून आपल्याच छताला येईल! उद्या-परवा लभडे येईल. आपलं नाव निघेल!"

"निघू दे. यंत्र पहिल्यांदाच खरं बोलेल."

"दिलेले पैसे परत मागतील!"

"मागतील. पाय तर उपटून नेणार नाहीत ना? फ्लॅट लहान घेऊ."

आणि निघाले. पहिली पायरी चढले, दुसरी चढले. तिसरीवर नवा पाय थरथरायला लागला. कॅन कठड्याला आपटला, पाणी हिंदकळलं. मी धावत जाऊन कॅन हिसकावून घेतला.

"सोडा! परत पडाल तर मी कुणाच्या नावाने बोटं मोडू? मी नेते."

तणतणतच वर गेले. बेल दाबली, दाबूनच धरली. दार खैरनारने उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर चुरगळलेला शर्ट. मागे घर म्हणजे नुसती माती आणि विटांचे तुकडे. आतून येणारा वास मला दारातच कळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कॅनकडे.

"वहिनी, नको," तो म्हणाला. "इथे सांडेल. तुमचं नाव येईल."

इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदाच मान्य केलं होतं की त्याच्याकडे सांडलेलं पाणी माझ्याकडे येतं. मला तिथेच त्याच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

"येऊ दे," मी म्हटलं. "जिन्याचं, खांबाचं, लिफ्टचं, तीनही ठिकाणचं पाणी मी लावलंय. तुमच्या गुलाबांचं. तुमच्याकडे तिथली गळती नाहीच, उगाच शोधत बसू नका. आज मी कंपनीला कळवते."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडेल, पोलिसांना बोलावेल. मी तयारीतच होते. मागे नंदिनी येऊन थांबली.

"माझं सांगून झालं," मी म्हटलं. "आता तुमचं सांगा. नाहीतर मी इथून हलणार नाही."

कॅनच्या कडीने माझी बोटं कापत होती, पण मी तो खाली ठेवला नाही. खाली जिन्यात ह्यांच्या काठीचा आवाज येत होता. हे एकेक पायरी चढत वर येत होते. खैरनारने तो आवाज ऐकला.

"पहिल्या वेळी तुम्ही आलात ना," तो हळू म्हणाला, "त्याच्या आधीच प्लंबरने मला सांगितलं होतं. फरशी काढायला लागेल म्हणाला. मला नको होती ती कटकट." मग त्याने मान खाली घातली. "हेमंतराव पडले ते आमच्याच पाण्यात."

हे जिन्याच्या वळणावर पोचले होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. दम लागून कठड्याला धरून उभे होते.

मी त्याला माफ केलं का? मुळीच नाही. मी कॅन नंदिनीच्या हातात दिला, पदर खोचला आणि आक्कांना पुसायला आत गेले.